तिला माझा चेहरा ऐकू येत होता

बेरा या ऐकण्याच्या चाचणीसाठी मूल झोपलेलं असावं लागतं. म्हणून आदल्या रात्री आम्ही लेकीला उशिरापर्यंत जागं ठेवलं, पहाटे लवकर उठवलं आणि वाटेत तिचा डोळा लागू नये म्हणून तिच्या तळपायांना गुदगुल्या करत राहिलो. तिथे पोचलो तशी ती माझ्या खांद्यावरच झोपली. कपाळावर आणि दोन्ही कानांमागे तारा चिकटवल्या, कानांत छोटे इअरफोन घातले, खोलीतला दिवा मंद केला. पुढचा तासभर मी पडद्याकडे बघत बसलो होतो.

या चाचणीत कानात टक्-टक् असा आवाज सोडतात, आणि श्रवणाची नस आणि मेंदूचा खालचा भाग त्याला जो विजेचा प्रतिसाद देतो तो लाटांसारखा उमटतो. आवाज कमी करत नेला की बाकीच्या लाटा विरत जातात, पाचवी सगळ्यात शेवटी जाते. तपासणारी व्यक्ती ही पाचवी लाट शोधत असते. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच दिसत होतं की रेघ सपाट आहे आणि ऑडिओलॉजिस्ट बाई आवाज वाढवत चालल्यात. ७०. ८०. ९०. रेघ तशीच. लेकीचं नाक जरा चोंदलेलं होतं, त्या शांततेत तिच्या श्वासाची बारीक घुरघुर मला स्पष्ट ऐकू येत होती.

"दोन्ही कानांत ९० डेसिबलला प्रतिसाद मिळत नाहीये," त्या म्हणाल्या. मग खुर्ची आमच्याकडे वळवून थांबल्या. त्यांनी घाई केली नाही, याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे. आपण बोलतो तो आवाज साधारण ६० डेसिबलचा असतो, आणि दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. म्हणजे बोलण्याच्या हजारपट ऊर्जेचा आवाज कानात सोडूनही काही उमटत नव्हतं. लेक तेव्हा पंधरा महिन्यांची होती.

शंका मात्र आठव्या महिन्यापासूनच होती. शंका बायकोला होती, मला नव्हती. खरं तर मी ती येऊ देत नव्हतो. एकदा वाऱ्याने दार धाडकन आपटलं, आम्ही दोघं दचकलो आणि लेक पाळण्यात स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "अरे, हिला ऐकू येत नाही का?" मी लगेच स्वयंपाकघरातून ताट आणि पळी आणली, लेकीच्या मागे बसून जोरात वाजवली. तिने मान वळवली. "बघ!" मी म्हणालो. पुढचे कित्येक दिवस हाच उद्योग. कधी वळायची, कधी नाही. वळली की मी सुटकेचा श्वास टाकायचो. नाही वळली की म्हणायचो, खेळात रमलीय.

ती का वळायची, ते पुढे समजलं. ताट वाजवताना माझी सावली हलायची, हात वर गेला की वारा लागायचा, आणि लाकडी फळीवर ती बसलेली असेल तर थरथर तिच्या मांडीपर्यंत पोचायची. ऐकू न येणाऱ्या मुलाची बाकीची ज्ञानेंद्रियं जागीच असतात. दुसरी फसगत तिच्या आवाजाची. ती हुंकार द्यायची, 'अंऽ', 'ऊंऽ' करायची, हसायची. आम्हाला वाटायचं, आवाज काढते म्हणजे ऐकतही असणार. पण सुरुवातीच्या महिन्यांत कर्णबधिर बाळंही असे आवाज काढतात. पुढचं 'बाबाबा', 'दादादा' हे अक्षरांचं बोबडं बोलणं मात्र स्वतःचं ऐकल्याशिवाय वेळेवर येत नाही, आणि आमच्याकडे ते आलंच नव्हतं.

माझी आई म्हणाली, "तू सुद्धा उशिराच बोललास." आम्ही ज्यांना पहिल्यांदा दाखवलं ते डॉक्टर म्हणाले, काही मुलं उशिरा बोलतात, दोन वर्षांपर्यंत वाट बघा. मला तेच ऐकायचं होतं. बायकोने वाट बघितली नाही आणि तीच आम्हाला तपासणीला घेऊन गेली. इथे मला हात जोडून सांगावंसं वाटतं. ऐकण्याच्या बाबतीत वाट बघू नका. जन्मल्यावर पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्याच्या आत निदान आणि सहाव्याच्या आत मदत सुरू, असा एक-तीन-सहाचा नियम जगभर मानतात. पहिली तपासणी काही मिनिटांची असते, झोपलेल्या बाळाच्या कानात एक मऊ बोंडी ठेवतात आणि बाळाला काही कळतही नाही. घरातलं ताट ही तपासणी नव्हे. पालकाला शंका आली असेल तर तेवढं कारण पुरे आहे.

निदानानंतरचे दोन महिने मी दोन कामं केली. आणखी दोन ठिकाणी चाचणी करून घेतली, आणि दोष कुणाचा ते शोधत राहिलो. गरोदरपणी बायकोला ताप आला होता. त्यावर घेतलेल्या गोळ्यांची नावं मी रात्री शोधत बसायचो. तिला विचारायचोही, वरवर सहज, "तो ताप नक्की कितव्या महिन्यात होता गं?" तिला कळायचं मी काय विचारतोय ते. एका रात्री ती म्हणाली, "तुला उत्तर हवंय की आरोपी?" आणि दुसऱ्या खोलीत जाऊन झोपली.

उत्तर रक्ताच्या चाचणीतून आलं. कनेक्सिन-२६ नावाचं एक प्रथिन असतं. कानातल्या शंखाच्या आकाराच्या भागात पेशी-पेशींमधले बारीक मार्ग त्याने बनतात, आणि ऐकण्याच्या कामासाठी लागणारं पोटॅशियम त्या मार्गांतून फिरतं असं मानतात. हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकातला बिघाड बहिरेपणाला कारणीभूत असतो, हे १९९७ मध्ये उजेडात आलं. जन्मजात बहिरेपणाच्या आनुवंशिक कारणांत हे फार मोठं कारण आहे. बिघडलेली एक प्रत माझ्याकडे होती, एक बायकोकडे. एकच प्रत बिघडलेली असेल तर त्या माणसाला नीट ऐकू येतं, म्हणून आम्हाला काही कळण्याचा प्रश्नच नव्हता. दोघांकडून बिघडलेलीच प्रत बाळाकडे जाण्याची शक्यता दर खेपेला चारात एक. ताप नाही, गोळ्या नाहीत. तो कागद वाचून झाल्यावर मी बायकोची माफी मागितली. ती म्हणाली, "माफी राहू दे, उद्यापासून मशीन तू घाल तिला."

मशीन म्हणजे कानामागे बसणारं श्रवणयंत्र. ते कानात धरून ठेवायला कानाच्या मापाचा मऊ मोल्ड लागतो. लहान मुलाचा कान भराभर वाढतो, मोल्ड सैल होतो आणि यंत्र शिट्टी मारायला लागतं. ती बारीक, टोकदार शिट्टी घरात सगळ्यांना ऐकू यायची, फक्त जिच्या कानात होती तिला नाही. लेक दिवसातून दहा-बारा वेळा मशीन उपटायची, एकदा चावलंही. मी पुन्हा घालायचो. घालताना माझे ओठ आवळलेले असायचे. मग तिच्यामागे उभं राहून टाळी वाजवायची आणि वहीत फुली मारायची. टाळी, फुली. टाळी, फुली. त्या वहीत चार महिने आहेत.

याच काळात बायकोने सांकेतिक भाषेची शिकवणी शोधली. माझा विरोध होता. खुणा शिकवल्या तर ही बोलणारच नाही, अशी माझी समजूत. ही समजूत फार जुनी आहे. १८८० साली मिलानमध्ये शिक्षकांची एक परिषद भरली आणि कर्णबधिर मुलांना खुणांऐवजी फक्त तोंडी भाषेतून शिकवावं असा ठराव तिने केला. त्यानंतर कित्येक पिढ्यांचे हात वर्गात बांधले गेले. त्याच परिषदेच्या परंपरेतल्या २०१० च्या व्हँकुव्हर परिषदेने त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला, म्हणजे मध्ये १३० वर्षं गेली. खुणांची भाषा ही हातवाऱ्यांची गोळाबेरीज नसून तिला स्वतःचं व्याकरण आहे, हे अमेरिकेत भाषाअभ्यासक विल्यम स्टोको यांनी १९६० मध्ये दाखवून दिलं होतं. आणि लहानपणी खुणा शिकल्याने बोलणं अडत नाही. उलट मुलाच्या हाती वेळेवर एक पूर्ण भाषा येते, आणि पुढची भाषा त्या पायावर उभी राहते. मला यातलं काहीही माहीत नव्हतं. मी फक्त भीत होतो.

शिकवायला आल्या त्या बाई स्वतः जन्मापासून कर्णबधिर. कर्णबधिर मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात, त्यामुळे बहुतेक घरांत पहिला कर्णबधिर माणूस म्हणजे ते मूलच असतं. आमच्याकडेही तसंच. लेकीचं पुढचं आयुष्य डोळ्यांपुढे आणायला गेलो की मला काहीच दिसायचं नाही, नुसता अंधार. आणि आता समोर चाळीशीची एक बाई बसली होती. पर्स, चष्मा, उशीर झाल्याबद्दल कपाळावर आठी. मी वही उघडून खुणा उतरवायला लागलो तशी तिने माझ्या वहीवर हात ठेवला, दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडे नेली, मग माझ्या डोळ्यांकडे, मग स्वतःच्या चेहऱ्याकडे. बघ. लिहू नकोस, बघ.

या भाषेत चेहरा हा व्याकरणाचा भाग आहे. हाताची खूण तीच, पण भुवया वर गेल्या की प्रश्न होतो, मान हलली की नकार होतो. बाई मला पुन्हा पुन्हा थांबवायच्या. हात बरोबर, चेहरा चूक. माझा चेहरा मेला होता, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

लेकीने ते त्याआधीच ओळखलं होतं. ती एकवीस महिन्यांची असेल. मी जमिनीवर बसून मोबाइलवर काहीतरी वाचत होतो, तिच्या कानाच्या शस्त्रक्रियेबद्दलच असणार. रडत नव्हतो, रडण्याच्या जवळपासही नव्हतो. ती रांगत येऊन समोर बसली. थोडा वेळ बघितलं. मग तर्जनी आपल्या डोळ्याखाली टेकवून गालावरून खाली ओढली. आपल्या चित्रांच्या पुस्तकातल्या रडणाऱ्या मुलाला ती हीच खूण करायची. नंतर बोट माझ्याकडे केलं. 'बाबा' ची खूण तिला अजून येत नव्हती. तिने परत केली, बोट डोळ्याखालून गालावर आणि मग माझ्याकडे. ती मला काही विचारत नव्हती. चित्राला नाव सांगावं तसं सांगत होती. तिच्या लेखी ते माझं नाव होतं.

मी तिला उचलून घेतलं आणि मग मात्र खरोखर रडलो. ते चुकलंच. तिला वाटलं, खूण बरोबर आली.

बाळांसमोर आईचा चेहरा काही मिनिटं निर्विकार ठेवला तर काय होतं, याचा प्रयोग मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात केला होता. बाळ आधी हसून, हात हलवून तो चेहरा परत जिंकायला बघतं, आणि जमलं नाही की तोंड फिरवतं. हे मी पुढे वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. त्या बाळांना निदान नंतर आईचा आवाज होता. माझ्या लेकीला माझा आवाज नव्हताच. मी तोंडाने "काही नाही गं, सोन्या" म्हणत होतो ते तिच्यापर्यंत जात नव्हतं. जात होता तो आवळलेल्या ओठांचा, टाळी वाजवून वाट बघणारा, फुली मारणारा माणूस. इतके महिने मी माझं दुःख तिच्यापासून लपवतोय असं समजत होतो, आणि त्या घरात तिला सगळ्यात स्पष्ट तेच ऐकू येत होतं.

'आता स्वीकारा' असं आम्हाला बऱ्याच जणांनी सांगितलं होतं, जणू कुठल्यातरी कागदावर सही करायची आहे. मला तो शब्द कधी जमला नाही. झालं ते असं की मी टाळ्यांची वही बंद केली आणि घरातले दिवे बदलले. आपण खिडकीकडे पाठ करून बोललो तर चेहरा काळा दिसतो, ओठ वाचता येत नाहीत. म्हणून माझी खुर्ची उलटी फिरली. बोलायच्या आधी गुडघ्यांवर बसायचं, तिच्या नजरेच्या उंचीला यायचं, खांद्याला हात लावायचा, तिने बघितल्यावरच तोंड उघडायचं. दुसऱ्या खोलीतून हाक मारायची नाही. स्वीकार माझ्या डोक्यात कधी आला ते सांगता येणार नाही. घरात तो आधी आला.

मग मिशी. शिकवणाऱ्या बाईंनी एकदा माझ्या वरच्या ओठाकडे बोट दाखवून नापसंतीने मान हलवली होती. मिशीत ओठ झाकला जातो. तसंही ओठांवरून वाचणं फार अवघड. प, ब आणि म ओठांवर अगदी सारखे दिसतात. आरशासमोर उभं राहून आवाज न करता 'पापा', 'बाबा', 'मामा' म्हणून बघा. तीन वेगळी माणसं, तोंड एकच. म्हणजे माझी लेक मला हाक मारायला शिकली असती तरी मी कोण हे तिला ओठांवरून कळणार नव्हतं. एका रविवारी मी मिशी काढली. लेकीने आधी मला ओळखलंच नाही, आईच्या मागे गेली. मग पुढे येऊन वरच्या ओठावर बोट फिरवत राहिली, डावीकडून उजवीकडे, परत उजवीकडून डावीकडे. मी हसलो तेव्हा तिच्या बोटाखाली ओठ हलला. ती दचकली आणि मग खळखळून हसली.

कॉक्लिअर इम्प्लान्टचा, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवून श्रवणाच्या नसेला थेट विजेचे ठोके देणाऱ्या यंत्राचा, निर्णय आम्ही त्यानंतर घेतला. श्रवणयंत्राचा तिला फारसा उपयोग होत नव्हता, आणि मेंदूचा ऐकण्याचा भाग आवाजाविना फार काळ राहिला तर दुसऱ्या कामाला लागतो. साडेतीन वर्षांच्या आत आवाज मिळाला तर तो भाग सर्वांत चांगला घडतो असं अभ्यास सांगतात. ती सव्वीस महिन्यांची होती. शस्त्रक्रियेबद्दल मी फार लिहीत नाही. तिला आत नेलं तो क्षण प्रत्येक आईबापाला माहीत असतो किंवा कल्पनेत दिसतो. एक गोष्ट मात्र आधी माहीत असावी. टाके भरल्यावर काही आठवड्यांनी बाहेरचं यंत्र जोडतात, त्याला 'स्विच ऑन' म्हणतात. आम्हाला वाटलं होतं, आवाज येईल आणि तिचा चेहरा उजळेल. तसं झालं नाही. बटण चालू झालं, तिचे डोळे विस्फारले, खालचा ओठ थरथरला आणि तिने हंबरडा फोडला. निरोगी कानात हजारो केसपेशी असतात आणि इथे वीसेक इलेक्ट्रोड विजेचे ठोके देतात, तो आपल्या ओळखीचा आवाजच नसतो. मेंदूला त्यातून अर्थ लावायला महिने लागतात, मॅपिंगला, म्हणजे यंत्र मुलाला जुळेल असं लावून घ्यायला, पुन्हा पुन्हा जावं लागतं, आणि ऐकण्याचं वय त्या दिवसापासून मोजतात.

रडता रडता तिने माझ्याकडे बघितलं. जुना मी असतो तर माझा चेहरा तिच्याआधी कोसळला असता. मी भुवया उंचावल्या, कानाला बोट लावलं, खूण केली: आवाज. हा आवाज आहे. टेबलावर टकटक केलं, परत खूण केली. ती हुंदके देत माझ्याकडे बघत राहिली. तिसऱ्यांदा टकटक केल्यावर तिने टेबलाकडे बघितलं.

आता ती सहा वर्षांची आहे. बोलते, वाक्यं लांब झाली की काही शब्द पडतात, आणि हात कायम चालू असतात. दुःख संपलं का, असं कुणी विचारलं तर नाही म्हणतो. सायमन ओल्शान्स्की नावाच्या एका अमेरिकी समाजसेवकाने १९६२ मध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या आईबापांविषयी लिहिताना 'दीर्घकाळचं दुःख' असा शब्द वापरला होता. तो आजार नाही, ते स्वाभाविक आहे, ते येत-जात राहणार, त्याला बरं करायच्या मागे लागू नका, असं त्याचं म्हणणं. मला यात मोठा दिलासा वाटला. गेल्या महिन्यात वाढदिवसाच्या गोंगाटात दहा मुलं एकदम बोलत होती. त्या गलक्यात तिच्या यंत्राला शब्द वेगळे करता येत नाहीत. ती सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत, सगळे हसले की अर्ध्या क्षणाने हसत होती. तो अर्धा क्षण माझ्या छातीत अजून आहे. मी आत गेलो, गुडघ्यांवर बसलो, काय विनोद झाला ते हातांनी सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच?"

रात्री झोपताना यंत्र काढून डबीत ठेवतो. मग ती पूर्ण शांततेत असते. दिवा घालवला तर बोलणंच बंद होतं, म्हणून उशाशी एक छोटा दिवा ठेवतो. परवा डबीचं झाकण लावल्यावर तिने खूण केली, तुझं कुठेय?

मला नाही, मी हाताने सांगितलं.

तिने विचार केला. मग तू रात्री बंद कसं करतोस?

मला बंद करता येत नाही.

रात्रभर आवाज?

रात्रभर.

ती उठून बसली, माझ्याजवळ सरकली आणि आपले दोन्ही तळवे माझ्या कानांवर घट्ट दाबून धरले.